बारवेतली हलगी

अर्ज इंग्रजीत होता, बावीस पानांचा. नवव्या पानावर एक मोठा चौकोन होता आणि त्यात तीनशे शब्दांत आपल्या गावच्या पाण्याची गोष्ट लिहायची होती.

"माहिती नको, निशाताई," श्रीरंग सर म्हणाले. "किती फूट खोल, किती कुटुंबं, ते मी भरतो. गोष्ट सांगा. बाहेरच्या लोकांना गोष्ट लागते."

क्रांती चौकातल्या त्यांच्या ऑफिसात मी पारमीला मांडीवर घेऊन बसले होते. खालून रिक्षांचे हॉर्न वर येत होते. पारमी तीन वर्षांची. टँकरच्या पाण्यानं तिच्या हातापायांना खाज सुटलेली, नखांनी ओरबाडून लाल रेघा पडलेल्या. कोपऱ्यात जारचं पाणी होतं. ती तीन ग्लास पाणी प्यायली. चौथा मागितला तेव्हा मलाच लाज वाटली आणि मी तिचा हात धरला.

सरांची संस्था बचत गटांचं प्रशिक्षण घ्यायची, तिथली आमची ओळख. मी बी.ए. झालेली, चार ओळी नीट लिहिणारी, म्हणून त्यांनी बोलावलं होतं. पैसा हॉलंडमधल्या एका फाउंडेशनचा. अट अशी, की दोन देशांच्या लोकांनी मिळून काम करायचं आणि त्यात पर्यावरण हवं तशी कलाही हवी. विहीर उपसायची म्हणून तिथं कुणी पैसे देत नव्हतं. उपसण्यात काही कला असेल तर देत होते.

आमच्या गावात, देवगाव रंगारीपासून सात किलोमीटरवर, एक जुनी बारव आहे. गाव आणि आमचा बौद्धवाडा यांच्या मधोमध. बाहत्तरच्या दुष्काळात सगळ्या विहिरी आटल्या, बारव आटली नाही, असं सगळे म्हणतात. पुढं नळ आले, बोअर आले, आणि बारव उकिरड्यानं भरली. यंदा दिवाळीनंतरच बोअर गेले. दोन दिवसांआड टँकर यायचा, गावविहिरीत रिकामा व्हायचा, आणि तळातलं ते ताकासारखं पाणी आम्ही शेंदायचो. बारव उपसून झरा मोकळा झाला असता तर पारमीला पाजायला स्वच्छ पाणी मिळालं असतं. मला बाकी काही नको होतं.

म्हणून मी गोष्ट सांगितली.

ती आमच्या घरातली होती. सासूबाईंनी, गोजरबाईंनी (मी त्यांना आत्या म्हणते), मला ती लग्नानंतर चार वर्षांनी सांगितली होती, भाकरी थापता थापता, आवाज खाली करून. बाहत्तर साली गावानं पावसासाठी देवाची मिरवणूक काढली. माझे सासरे कडुबा, म्हणजे आमचे मामा, तेव्हा चौदा वर्षांचे. त्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी सकाळपासून दिवस कलेपर्यंत हलगी वाजवली. शेवटी बारवेपाशी येऊन वडिलांनी पाणी मागितलं. आपल्या माणसाला तिसऱ्या पायरीखाली उतरायची बंदी होती. वरून कुणीतरी ओंजळीत ओतायला घेतलं, ते मुद्दाम बाजूला ओतलं, आणि लोक हसले. वडिलांनी गळ्यातली हलगी काढली आणि बारवेत टाकली. थोडा वेळ तरंगली, मग पाणी पिऊन खाली गेली. म्हणाले, आजपासून या घरात कातडं वाजणार नाही. मामांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले.

श्रीरंग सरांचं पेन थांबलं होतं. "हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

मी नुसती हसले. माझी गोष्ट आवडली याचं मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

मी घरी विचारलं नाही. बाकी सगळं केलं, तेवढं एक केलं नाही.

मंजुरी महिन्याभरात आली. मामांना सांगितलं तेव्हा ते अंगणात खाटेची दोरी ताणत होते.

"बारव उपसायला पैसे येणार आहेत मामा. परदेशातून."

"त्यांना काय पडलंय आपल्या बारवंचं?"

"त्यांना पाण्याची काळजी आहे."

"आन बदल्यात?"

"एक फिल्म काढतील."

"काढू द्या," मामांनी दोरी दातात धरून गाठ मारली. "माझं थोबाड सोडून काढा म्हनावं. बाकी गाव देखणं हाय."

माझा नवरा प्रणय शहरात एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहे, मुकुंदवाडीत खोली करून राहतो. फोनवर म्हणाला, "पाडव्यापर्यंत बघ. पानी लागलं तर ठीक. नायतर पोरीला घेऊन इकडं ये."

"तिकडं तरी कुठं आहे? आठ दिवसांनी नळ येतो म्हणतोस."

"येतो तं खरं."

फेब्रुवारीच्या पाच तारखेला काम सुरू झालं. वरच्या नऊ पायऱ्या तेवढ्या उघड्या होत्या. खाली गाळ, टायरं, प्लास्टिक, काचा, एका शेळीचा सांगाडा. आम्ही अकरा बाया आणि सहा गडी. गडी कुदळीनं उकरायचे, फावड्यानं घमेलं भरायचे, बाया पायऱ्यांवर रांगेनं उभ्या राहून हातोहात वर द्यायच्या. पहिल्या दिवशी माझे दोन्ही तळवे फुटले. मी समन्वयक होते, मला रांगेत उभं राहायचं कारण नव्हतं. पण वर सावलीत वही घेऊन बसले तर बायांनी मला जेवताना बोलावलं नाही. दुसऱ्या दिवसापासून उभी राहिले.

हजेरीच्या कागदावर इंग्रजीत शीर्षक छापलेलं होतं. रांगेतल्या चंपाबाईंनी विचारलं, "काय लिव्हलंय गं ह्येच्यावर?"

"सहभागी कलाकार."

"कोन?"

"तुम्ही. आपण सगळे. मजुरी देता येत नाही त्यांना, कलाकारांचं मानधन देता येतं."

चंपाबाईंनी चिखलाचे हात कमरेवर ठेवले. "अगं माय! पंचवीस वर्सं झाली लगनाला, आमच्या मालकाला आजूक ठावं नाय मी कलाकार हाय म्हनून." बाया इतक्या हसल्या की घमेलं खाली गेलं आणि एकीच्या पायाच्या अंगठ्यावर पडलं. तिची नखी गेली. तिनं चिंधी बांधली आणि परत उभी राहिली.

हॉलंडची बाई आठव्या दिवशी आली. मारिका नाव. उंच, उन्हानं सोललेलं नाक, पायात गमबूट. सोबत दुभाषी म्हणून संस्थेच्या हिमानी मॅडम. मारिकाबाईंच्या हातात एक लांब काठी, तिच्या टोकाला केसाळ गोळा.

"ते मांजर कशाला धरलंय काठीला?" आत्यांनी मला विचारलं.

"माइक आहे आत्या. आवाज घेतात."

"कशाचा?"

"फावड्याचा. आपल्या श्वासाचा."

"श्वासाचा!" आत्यांनी पदर तोंडाला लावला. पण त्यानंतर माइक जवळ आला की त्या दम रोखून धरायच्या. दम रोखून घमेलं वर द्यायच्या आणि माइक गेला की खोकायच्या.

बाई वाईट नव्हती, हे मला सांगितलं पाहिजे. तिनं दोन दिवस आमच्या रांगेत उभं राहून घमेली दिली. तिच्या हातांनाही फोड आले. पारमीला तिनं रंगीत खडू दिले.

पायऱ्या एकेक उघड्या पडत गेल्या. धुवायला पाणी नव्हतं, म्हणून आम्ही त्या नारळाच्या काथ्यानं घासल्या, झाडूनं झाडल्या. आतला दगड काळा, गुळगुळीत निघाला. मामा खालच्या पायरीवर बसून गड्यांना दिशा दाखवायचे. "त्या कोपऱ्यात. कोनाडा हाय बघ, त्याच्या बुडाला. बोटभर धार यायची. दातं आंबायची."

"तुम्हाला कसं माहीत मामा?" मी विचारलं. "आपल्याला तर तिसऱ्या पायरीखाली..."

"गाळ काढायला आपलीच मानसं उतरवायचे की. दर उन्हाळ्यात. पान्याला इटाळ व्हायचा पोरी, गाळाला नाय व्हायचा."

सोळाव्या दिवशी छत्तिसाव्या पायरीपाशी आत्यांच्या घमेल्यात काहीतरी खणकन वाजलं. लोखंडाचं कडं, दोन वीत रुंद, गंजून पापुद्रे सुटलेलं. आत्यांनी ते बाजूला टाकायला हात उचलला आणि मामा उठले. त्यांनी कडं घेतलं. अंगठा फिरवत फिरवत ते एका जागी थांबले. तिथं एक पोचा होता.

"बैलानं पाय देला व्हता," ते कुणाला तरी म्हणाले. तिथं त्यांच्यासमोर कुणी नव्हतं.

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून कडं त्यात गुंडाळलं. पण मारिकाबाईंचा कॅमेरा वरून चालू होता. हिमानी मॅडम धावत पायऱ्या उतरल्या. आनंदानं त्यांचा आवाज फुटत होता.

"मामा, हीच का ती? अर्जातली हलगी?"

गडी थांबले. बाया थांबल्या.

"अर्जातली म्हंजे?" मामांनी विचारलं.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मामांनीही बघितलं. आत्यांनी मान खाली घातली; कारण सांगितलं होतं त्यांनीच, मला, चुलीपुढं. मी घमेलं हातात धरून उभी होते.

त्या दिवसापासून मामा मला पोरी म्हणायचं थांबले. बाई म्हणू लागले. तलाठ्याच्या कचेरीतून आलेल्या बाईला म्हणतात तसं. "बाई, ताट सरकवा." "बाई, पोरगी रडायलीय."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तळ लागला. अठ्ठेचाळीस पायऱ्या आणि खाली काळा कातळ. कोनाड्याच्या बुडाला वीतभर जागा ओली होती. नुसती ओली. पाठीचा घाम भिंतीला लागावा तेवढी. मामांनी गुडघ्यावर बसून कान लावला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

"हाय," ते म्हणाले. "दबलाय. वर चार-पाच फूट कातळ सरकलाय. ब्रेकर लागंल."

ब्रेकरची मशीन दुसऱ्या हप्त्यात होती. मशीन, पंप आणि आमच्या वाड्यापर्यंत पाइप. दुसरा हप्ता समारोपाचं चित्रीकरण पाठवल्यावर मिळणार होता. समारोप काय, ते नवव्या पानावर माझ्या गोष्टीखाली श्रीरंग सरांनी लिहिलं होतं: हलगी परत येते. बारवेच्या तळातून वादक वाजवत वर चढतो.

सर स्वतः गाडीनं आले, आमच्या अंगणात खाटेवर बसले. "मामा, बळजबरी नाही. पण तुमच्या वडिलांचा तो निषेध होता, तो जगापुढं यावा..."

"निषेध केला म्हनूनच टाकली ना सायेब? मंग वाजवायची कशाला?"

सर प्रामाणिक माणूस होते, त्यांनी खोटं उत्तर दिलं नाही. "तसंच लिहून मंजूर झालंय, मामा. आता बदलायला गेलो तर सहा महिने जातील."

"जाऊ द्या. बारव कुठं पळतीय?"

मी आत चुलीपाशी बसून ऐकत होते. सहा महिने. पारमीची लघवी दोन दिवस पिवळीजर्द होत होती. मी रोज बघायचे, वास घ्यायचे, कुणाला सांगायचे नाही. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी जेवण वाढताना मी बोलले. "मामा, वीस मिनिटांचं काम आहे."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "बाई, तुमाला वीस मिन्टं दिसत्यात."

पाडवा गेला. एप्रिल निम्म्यावर येत होता. गावविहिरीत उतरलेल्या टँकरच्या पाण्याला एक दिवस उग्र वास आला. मी उकळलं, फडक्यानं दोनदा गाळलं, तुरटी फिरवली. तरी तिसऱ्या दिवशी पारमीला जुलाब लागले. दुपारपर्यंत ओकाऱ्या. पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायला लागली. मामांनी तिला खांद्यावर घेतलं आणि आम्ही रस्त्याला जाऊन उभे राहिलो. अर्ध्या तासानं एक दुधाची गाडी थांबली.

देवगावच्या दवाखान्यात नर्सला शीर सापडेना. हातावर चार वेळा टोचलं, मग पायावर. मामांनी पाय धरला होता. त्यांचा राठ हात आणि त्यात तिचं ते टाचेएवढं पाऊल. पारमीला रडायला आवाज नव्हता, नुसतं तोंड उघडत होती.

"पाणी उकळून देता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"सगळ्याच सांगतात उकळतो म्हणून," ते नर्सला म्हणाले, मी तिथं नसल्यासारखं.

सलाइन थेंब थेंब चालू झालं. मामा तिच्या पायाशी उभेच होते. एक बाटली संपली. दुसरी लावली तेव्हा ते खिडकीकडं तोंड करून म्हणाले, "फोन लावा त्यांना. येक डाव. चौदा तारीख झाल्यावर. जयंतीच्या मिरवणुकीत मला चालायचंय आधी."

मी फोन लावला. मला वाईट वाटलं का? नंतर वाटलं. तेव्हा मी बाटलीतले थेंब बघत होते.

चौदा एप्रिलला मामांनी पांढरा सदरा घातला, खिशाला पेन लावलं आणि मिरवणुकीत सगळ्यांत पुढं निळा झेंडा धरून चालले. दरवर्षी धरतात. या वेळी परत आल्यावर झेंड्याची काठी पुसून त्यांनी ती चंपाबाईंच्या थोरल्या मुलाकडं देऊन टाकली. "फुडच्या साली तू धर."

अठरा तारखेला चित्रीकरण होतं, ऊन उतरल्यावर, पाच वाजता. शहरातून हलगी नवं कातडं चढवून आली होती. कडं तेच, पोचा तोच. बारवेच्या काठावर गाव जमलं होतं. गावातले बडे जमीनदार तात्यासाहेब आले, माणसाकडून प्लास्टिकची खुर्ची आणवली आणि बसले. बारवेपलीकडची त्यांची तीस एकर जमीन आता फार्महाऊसच्या प्लॉटांसाठी गेली आहे. शहरातले लोक दर रविवारी गाड्या घेऊन बघायला येतात. प्रत्येक प्लॉटात एक बोअर, सहाशे-सातशे फुटांचा. तिकडच्या कमानीवर हिरव्या अक्षरांत लिहिलंय, ‘निसर्गाच्या कुशीत’.

मामा तोच पांढरा सदरा घालून आले. पेन खिशाला.

"मामा," हिमानी मॅडम अगदी हळू म्हणाल्या, "पेन काढता का? कॅमेऱ्यात चमकतंय."

मामांनी पेन काढलं. ठेवायचं कुठं ते त्यांना कळेना. मी हात पुढं केला. त्यांनी पेन माझ्या हातात दिलं, माझ्याकडं न बघता.

तळाशी काटक्या पेटवून त्यांनी हलगी शेकली. कातड्यावर बोटानं टिचकी मारून बघितली, परत शेकली. बावन्न वर्षांनी. मला वाटलं होतं, हात अडखळतील. अडखळले नाहीत. उजव्या हातात टिपरू, डाव्या हातात बारीक काडी, आणि पहिल्याच ठोक्याला बारवेच्या चारी भिंती बोलल्या. काठावर उभ्या म्हाताऱ्यांचे पाय आपोआप हलले. मामा एकेक पायरी वर येत होते. त्यांचं तोंड दगडासारखं होतं. आत्या माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

मामा वरच्या पायरीवर आले तेव्हा तात्यासाहेब खुर्चीवरून उठले. खिशातून नोट काढली, मामांच्या डोक्यावरून ओवाळली आणि हलगीवर टाकली. पूर्वी टाकायचे तशी.

"कडुबा, हात इसरला नाय की रं! आमी म्हनलं, गावची रीत मेली."

लोक हसले. कॅमेरा चालू होता. मामांचे हात थांबले नाहीत, कारण मारिकाबाईंनी अजून थांबायची खूण केली नव्हती. नोट कातड्यावर नाचत राहिली.

मारिकाबाईंनी हिमानी मॅडमना इंग्रजीत काहीतरी विचारलं. मॅडम म्हणाल्या, आशीर्वाद आहे तो, थोरांचा. मला इंग्रजी कळतं.

मग आम्ही मशीनची वाट बघू लागलो.

एप्रिल संपला. पारमी बरी झाली, पण गाल बसले ते बसलेच. मी रोज दहा वाजता फोन करायचे. सर आधी म्हणाले, आठ दिवस. मग म्हणाले, तिकडून निघालेत. मग फोन हिमानी मॅडम उचलू लागल्या. मग कुणीच उचलेना.

कोनाड्याखालची ओल मे महिन्यात वीतभराची चार बोटं झाली. मामा रोज सकाळी अठ्ठेचाळीस पायऱ्या उतरून हात लावून यायचे. आत्या विचारायच्या नाहीत.

शेवटी मी बसनं शहरात गेले. स्टँडवरच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर, कंडक्टरच्या तोंडात औरंगाबाद. क्रांती चौकातल्या ऑफिसात कपाटं रिकामी होती, फायली पोत्यात भरलेल्या. श्रीरंग सर दाढी वाढवून खिडकीपाशी बसले होते.

"संस्थेची बाहेरचे पैसे घ्यायची परवानगी संपली, निशाताई. नव्यानं मिळायला हवी होती, अडकलीय. का अडकली ते कळवत नाहीत. पैसे हॉलंडमध्ये तयार आहेत. इथं घेता येत नाहीत. दुसऱ्या संस्थेच्या नावानं आणावेत तर तोही नियम नाही."

"मग मशीन?"

त्यांनी जवळच्या पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं.

"तुम्ही सर, निदान दोन दिवसांची मशीन..."

"तीन महिने आमचे पगार नाहीत, ताई."

हिमानी मॅडमनी लॅपटॉपवर फिल्म दाखवली. अठरा मिनिटांची. सुंदर होती. मी खोटं सांगणार नाही, मला रडू आलं. घमेली हातोहात वर जातात, बायांचे फुटलेले तळवे, काळ्या पायऱ्या, आणि मग तो आवाज. तिकडच्या एका महोत्सवात लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते म्हणे. शेवटी नावं आली. मामांच्या नावापुढं लिहिलं होतं: पारंपरिक हलगीवादक.

"मॅडम, एवढा पारंपरिक शब्द काढता येईल?"

"आता नाही हो ताई. फायनल झाली."

निघताना सर म्हणाले, "ऑफिस सोडतोय आम्ही. हा जार भरलेला आहे. न्याल का? छोटीला होईल."

वीस लिटरचा जार. मी नको म्हणायला हवं होतं. मी तो ओढणीनं बांधून मांडीवर घेतला. बसमध्ये माणसं बघत होती. कंडक्टर म्हणाला, "मावशी, गावाकडं पानी घेऊन चाललात? नवलच." वेरूळचा घाट येईपर्यंत माझ्या मांड्या बधिर झाल्या होत्या.

मामा दारात बसले होते. त्यांनी जार बघितला.

"ह्यो दुसरा हप्ता व्हय?"

आत्या हसल्या. मग हसता हसता थांबल्या.

जून उजाडला. आभाळ तांब्याच्या पत्र्यासारखं. प्रणय म्हणाला, पंधरा तारखेला टेम्पो घेऊन येतो, तू आणि पोरगी चला. आत्या-मामांचं त्यानं विचारलं नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. मी भांडी निवडून ठेवू लागले. कुठलं न्यायचं, कुठलं ठेवायचं.

हलगी भिंतीला खिळ्यावर टांगलेली होती. संस्थेनं ती आमच्याकडंच सोडली होती, भेट म्हणून. पारमी खाटेवर चढून ती काढायची आणि चमच्यानं बडवायची. मी शंभर वेळा हिसकावून घेतली. पण पोरीच्या कानात बसलं होतं ते. चमच्यानं का होईना, ठेका बरोबर धरायची.

त्या बुधवारी सकाळी ती अंगणात बसून तेच करत होती. मी चुलीपाशी, मामा खाटेवर. दारात सांडू आला. सांडू म्हणजे तात्यासाहेबांचा माणूस, प्लॉटांवर राखण करतो. त्याच्या बोटात विडी होती.

"वा! पोरगी बी तयार झाली की!"

मी चमचा काढून घेतला. पारमीनं भोकाड पसरलं.

"कडुबादादा, तात्यासायबांनी सांगावा धाडलाय. परवाच्याला पावसासाठी देवाची मिरवनूक काढायचीय. प्लॉटवाली शहरातली मंडळी बी येनार हायेत बघायला. हलगी घेऊन सकाळी सातला या म्हनले."

मामांनी रडत्या पारमीला जवळ ओढलं.

"ते वाजवत नाहीत," मी म्हणाले.

"अवो वहिनी, समद्या गावानं मोबाइलवर पाह्यलं की." तो खरंच हसत होता, त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. "आन फुकट न्हाई बरं का. त्यो काय शब्द व्हता तुमचा? मानधन. मानधन देनार हायेत."

"ते त्या वेळेपुरतं होतं. पाण्यासाठी."

"मंग हे कशासाठी हाय? पान्यासाठीच हाय की."

तीनशे शब्दांची गोष्ट सांगणारी मी, मला एक वाक्य सुचलं नाही.

मामा उठले. त्यांनी अंगणातली हलगी उचलली, कातड्यावरची धूळ तळव्यानं पुसली. सांडूला वाटलं, तयार झाले. मलाही क्षणभर वाटलं. ते दाराबाहेर पडले आणि बारवेच्या वाटेला लागले. मी पारमीला कडेवर घेऊन मागं धावले. सांडू विडी ओढत मागून आला. आत्या दारातच राहिल्या.

काठावर उभं राहून मामांनी हलगी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. सहासष्ट वर्षांचे हात. आणि त्यांनी ती खाली टाकली.

बाहत्तर साली ती तरंगली होती, मग पाणी पिऊन खाली गेली होती. आता ती कातळावर आपटून एकदा मोठ्यानं वाजली, कडावर गोल गोल फिरली आणि आडवी झाली. कातडंही फाटलं नाही. बारवेचा आवाज विरल्यावर आम्ही सगळ्यांनी वाकून बघितलं. वरून स्वच्छ दिसत होती. पोच्यासकट.

"काय ह्ये दादा," सांडू समजुतीनं म्हणाला, म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तसं. "असं करत्यात व्हय? ऱ्हाऊ द्या, मी आनतो."

मामा तसेच उभे होते, हात अजून वरच. मी त्यांना हाक मारली. त्यांनी ऐकलं नाही.

सांडूनं विडी चपलेखाली विझवली आणि तो उतरू लागला. अठ्ठेचाळीस पायऱ्या. पाय घसरावा एवढाही गाळ आम्ही एकीवर ठेवला नव्हता.